साडेसहाचा फोन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं स्वतःला बजावत आलो — खरं तर छातीच झाली नाही. आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट लग्नाआधीची. मी सांगलीचा. नोकरीने नागपुरात आणून टाकलं, बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. मानेवाड्याला एका काकूंकडे वरची खोली घेतली. काकूंचे यजमान गेलेले, एकुलती एक पल्लवी लग्न होऊन आयर्लंडला. म्हणजे खाली काकू आणि वर मी. कारखान्यात दिवसभर माणसं असत, पण माझं असं कुणी नव्हतं. संध्याकाळी परतलो की जिना चढवत नसे.

उरलेलं काम घरून करावं लागे. वायफाय वरपर्यंत पोचायचं नाही, म्हणून लॅपटॉप घेऊन काकूंच्या हॉलमध्ये बसायचो. काकू कोथिंबिरीची सांबारवडी पुढ्यात ठेवायच्या, घरची चौकशी करायच्या. वाटायचं, आहे आपलं कुणीतरी. आणि साडेसहाच्या ठोक्याला पल्लवीचा व्हिडिओ कॉल यायचा. तिची तिकडे जेवणाची सुट्टी. काकू फोन घेऊन आतल्या खोलीत जायच्या. मी पुन्हा एकटा.

मला तिचा राग यायचा. हो, राग — जिला कधी पाहिलंही नव्हतं तिचा.

एके दिवशी बोलून गेलो. म्हटलं, "काकू, कंपनीचा नियम आहे. मी काम करताना घरातलं दुसरं कुणी नेटवर नको. माहिती फुटली तर नोकरी जाईल."

धादांत खोटं. बाहेरून काम करणाऱ्यांसाठी कंपनीने लॅपटॉपमध्ये व्हीपीएन घालून दिलं होतं. ते सुरू केलं की माझं काम कुलूपबंद रस्त्याने थेट कारखान्यात जायचं. काकूंच्या फोनशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

त्यांनी शंकासुद्धा घेतली नाही. फोनला नेटपॅक नव्हता, घरचं वायफाय तेवढं. "तुझी नोकरी काहून घालवू गा मी?" म्हणाल्या, आणि मुलीलाही तो नियम सांगून टाकला, आता रविवारीच बोलू. मी लॅपटॉप उघडला की त्या आपणहून फोनचं वायफाय बंद करून माझ्यासमोर येऊन बसत. काय सुखाचे दिवस होते ते — लिहिताना लाज वाटते, पण होते.

महिनाभराने एका सोमवारी काकू वड्या तळता तळता म्हणाल्या, "रविवारी पोरगी मोकळी बोलत नाही गा. जावई बाजूलेच बसून राहते. ऑफिसातून बोले, तवा रडे बिचारी."

तेव्हा मला कळलं. साडेसहाची वेळ तेवढीच तिची एकटीची होती. एक वाक्य पुरलं असतं — काकू, तो नियम आता नाही. काय गेलं असतं माझं? मी वडी उचलली आणि खाल्ली. पुढे तीन महिने काकू फोन बंद करत राहिल्या आणि मी करू दिला.

उन्हाळ्यात पल्लवी कायमची परत आली. सोबत एक बॅग, आणि डावा हात गळ्यात बांधलेला. "मले एकदा तरी सांगायचं होतं वं," काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी दारातून ते ऐकलं आणि जिना चढून वर गेलो. पुढच्याच महिन्यात बदली मागून घेतली.

गेल्या हिवाळ्यात कामासाठी नागपूरला गेलो, तेव्हा काकूंकडे डोकावलो. पल्लवी हल्ली घरूनच काम करते. ती लॅपटॉपवर बसली होती आणि तिच्या शेजारीच काकू फोनवर भजनं ऐकत होत्या. मला एक मेल पाठवायचा होता. मी बॅगेतून लॅपटॉप काढला.

काकूंनी भजन थांबवलं आणि फोनचं वायफाय बंद केलं. "घे, कर तुझं काम," म्हणाल्या.

पल्लवीने मान वर करून आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघून पासवर्ड टाकला.