गिझरवरचा डबा

समजा, डुकराच्या पोटाकडच्या मांसाचा एक किलोचा पट्टा तुमच्या ओट्यावर आहे. वर कातडी, तिच्याखाली चरबी, मग मांस, मग पुन्हा चरबी. त्याचे साबणाच्या वडीएवढे तुकडे करा. तव्यावर चारही बाजूंनी लाल करा. तांदळाच्या धुवणात आलं आणि कांद्याची पात घालून दोन तास मंद उकळा. ते पाणी ओतून द्या. मग सोया सॉस, साखर आणि तांदळाची दारू घातलेल्या नव्या पाण्यात, थेट मांसावर टेकेल असं लहान झाकण ठेवून, आणखी तासभर शिजवा. इथवर सगळं सोपं आहे. आता शेवटचं काम. काहीही करायचं नाही. गॅस बंद करून पातेलं तसंच राहू द्यायचं, कारण या पदार्थात चव उकळताना शिरत नाही, निवताना शिरते.

आणि आता असंही समजा, की पातेलं निवत असताना साठ अंशांपासून वीस अंशांपर्यंत त्याच्या तळाशी काय काय जागं होतं, हे तुम्हाला नावानिशी ठाऊक आहे. जेवणारा माणूस तुमचा बाप आहे. चार महिन्यांपूर्वी त्याला बहिणीचं मूत्रपिंड बसवलंय आणि शरीरानं ते परकं मानू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती रोज गोळ्या देऊन झोपवून ठेवलीय. करा बंद गॅस. ठेवा पातेलं तसंच.

तिला ते जमणं शक्यच नव्हतं.

ती डबाबंद अन्नाच्या कारखान्यात चाचणी विभागात होती. कामावर तिला सगळे ‘दोन अंश’ म्हणायचे, कारण यंत्रावर एकशे एकवीस अंश ठरले असले तर ती एकशे तेवीसचा आग्रह धरायची. त्या कारखान्यात एक उबखोली होती. प्रत्येक घाण्यातले, म्हणजे एका खेपेला शिजवलेल्या मालातले, चार डबे त्या खोलीत ठेवायचे, माणसाच्या अंगाइतक्या उबेत, दहा दिवस. डबा फुगला तर अख्खा घाणा अडवायचा. नाही फुगला तर माल बाहेर. नऊ वर्षं तिनं हेच केलं होतं आणि तिच्या मनाला सवयच लागली होती, की कुठेतरी उबेत चार नमुने बसलेले असल्याशिवाय घास कुणाच्या तोंडात जाऊ नये.

बाबांना घरी आणलं त्या दिवसापासून तिनं घरातही उबखोली केली. बाथरूमबाहेरच्या बोळकांडीत गिझर होता आणि त्याच्यावर एक फळी. तिथे अडतीस अंश भरायचे, तिनं मोजले होते. सूप केलं की त्यातलं थोडं एका स्टीलच्या डब्यात, डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर आकडा आणि वेळ. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून ती बघायची, हुंगायची आणि ओतून द्यायची. यात काही अर्थ नव्हता, हे तिला कळत होतं. डबा बोलायच्या आधीच सूप पिऊन झालेलं असायचं. पण डबा ठेवला नाही तर तिला झोप लागायची नाही, म्हणून ती ठेवायची आणि कुणाला सांगायची नाही. आई ठेंगणी. तिचा हात त्या फळीपर्यंत पोचायचाच नाही.

बाबा जेवत नव्हते. आयुष्यभर गोदीत क्रेन चालवलेला माणूस, खांदे दारात मावायचे नाहीत असा, आता पलंगावर बसला की चादरीला सुरकुती पडायची नाही. घास तोंडात फिरवायचे आणि नजर चुकवून हातरुमालात काढायचे. आत्या, जिनं मूत्रपिंड दिलं होतं, फोनवर धाकट्या भावाला दटावायची. माझा माल फुकट घालवलास तर परत मागेन हं, म्हणायची. बाबा हसायचे, पण खायचे नाहीत. मागच्या तपासणीत काटा एक्कावन्नवर आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, सोमवारी याच्या खाली गेला तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. ऑपरेशननंतर बाबा वॉर्डात होते तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरला अशीच नळी घातली होती. त्याला वॉर्डातच छातीचा संसर्ग झाला आणि तो घरी गेला नाही. हे बाबांनी बघितलं होतं, तिनंही बघितलं होतं. घरात त्या ड्रायव्हरबद्दल कुणी बोलत नव्हतं.

आणि गुरुवारी बाबा आपण होऊन म्हणाले, की ते जपानी पोर्क खावंसं वाटतंय.

गोदीत एका वर्षी एक जपानी फोरमन होता. रविवारी स्वतः शिजवून तो सगळ्यांना खायला घालायचा. बाबा त्याच्याकडून शिकले आणि पुढे वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी घरी करत राहिले. डायलिसिस सुरू झालं तेव्हा खारट सगळं बंद झालं, त्यात हेही गेलं. तिनं आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सॉस निम्मा घाला, चरबी काढून टाका, नीट शिजवा आणि दोन तुकड्यांपर्यंत द्या. माणूस मागतोय ना, मग द्या.

शनिवारी तिनं केलं. शिजवण्यापर्यंत सगळं बाबांनी खुर्चीत बसून सांगितलं तसं. पण गॅस बंद केल्यावर बाबा म्हणाले, आता हात लावू नकोस, आणि तिनं हात लावला. तुकडे पसरट ताटांमध्ये काढले, ताटं बर्फाच्या पाण्यात ठेवली आणि दीड तासात सगळं फ्रिजमध्ये. फक्त चार तुकडे रसासकट एका डब्यात घातले आणि संध्याकाळी सहाला तो डबा गिझरवर ठेवला. घाण्यामागे चार.

रात्रीच्या जेवणाला तिनं दोन तुकडे खळखळून उकळून बाबांसमोर ठेवले. त्यांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि वाटी हळूच बाजूला सारली.

“शिजलंय. मुरलं नाही.”

एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी तिची सकाळपाळी होती. जाताना तिनं आईला बजावलं, की फ्रिजमधलेच दोन तुकडे उकळून पुन्हा देऊन बघ. दुपारी अडीचला ती परतली तर बाबा टेबलाशी बसलेले, समोर वाटी रिकामी. आईचा चेहरा असा उजळलेला की चार महिन्यांत तिनं तो तसा पाहिला नव्हता. तीन तुकडे खाल्ले म्हणाली, आणि वर भात मागितला. बाबांनी तर्जनी वर केली, क्रेनवाले ‘उचल’ सांगायला करतात तशी.

“हे बरोबर झालं बघ,” ते म्हणाले. “काल उगाच लपवून ठेवलंस.”

तिला आधी आनंदच झाला. मग तिनं विचारलं, लपवून म्हणजे?

आई सांगू लागली. दुपारी एकच्या सुमाराला गिझरवाला आला होता, महिन्यापासून गळत होतं ते बघायला. त्यानं फळीवरचं सगळं खाली काढून ओट्यावर ठेवलं, जुने डबे, साबण, फडकी. त्यात एक डबा कोमट लागला. उघडून बघितला तर हेच. “मी म्हटलं, पोरीनं ह्यांच्यासाठी बेतानं गरम राहील असं ठेवलंय. डोकं आहे बाई तुला.” आणि कौतुकानं म्हणाली, एक तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय, फ्रिजमध्ये आहे, त्याच डब्यात.

तिनं धावत जाऊन फ्रिज उघडला. डब्यावर तिच्याच अक्षरात आकडा होता आणि खाली शनिवार, सहा वाजता. आत एक तुकडा, रसाला बारीक फेस.

बाबांसमोर काही बोलायचं नाही इतकं भान तिला राहिलं. आईला तिनं बाल्कनीत नेलं आणि सांगितलं. आईला आधी समजेचना. खराब होतंय का हे बघायला अन्न कुणी मुद्दाम उबेत ठेवतं, हेच तिच्या डोक्यात शिरेना. शिरलं तेव्हा तिनं दोरीवरच्या ओल्या टॉवेलचं टोक हातात घट्ट धरलं.

मग लेकीनं वॉर्डात फोन लावला. सिस्टर ओळखीच्या होत्या. ती म्हणाली, बाबांनी फ्रिजबाहेर राहिलेलं पोर्क खाल्लंय.

“किती वेळ बाहेर?”

“वीस तास.”

“ओट्यावर?”

तिला हो म्हणता आलं असतं. “गिझरवर,” ती म्हणाली.

“गिझरवर कशाला?”

तिनं सगळं सांगितलं. उबखोली, चार नमुने, सगळं. आपलं बोलणं आपल्याच कानांना वेड्या माणसाचं वाटत होतं. सिस्टर रागावल्या नाहीत. ताप, उलटी, जुलाब, पोटात कळ, यातलं काहीही झालं तर त्या मिनिटाला निघा, संध्याकाळच्या गोळ्या चुकवू नका, डॉक्टरांना मी कळवते आणि उद्या सकाळी तसेही या, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, की देताना उकळलं होतं का. खळखळून उकळलं असेल तर बराच धोका टळतो.

तिनं फोनवर हात ठेवून आईला विचारलं.

“हो,” आई म्हणाली. “उकळलं की.”

“कशात?”

“छोट्या कढईत.” मग थांबली. “का वाटीतच काढलं? गरमच तर होतं गं. गरम असलेलं कशाला परत...” तिनं टॉवेलचं टोक पिळलं. “थांब, आठवते. हे म्हणाले, दे लवकर, वास सुटलाय. मी कढई काढली होती. कढई काढली होती, एवढं नक्की.”

ती स्वयंपाकघरात धावली. कढई घासून पालथी घातलेली होती. वाट्या, चमचे, डाव, सगळं लखलखीत. आई भांडी कधी पडू द्यायची नाही.

तिथून पुढचा दिवस तिनं घड्याळातून बघितला. खाल्ल्यावर पहिल्या सहा तासांत एका जातीच्या जंतूंचा त्रास दिसतो, पुढच्या दहांत दुसऱ्या जातीच्या. हे तिनं नव्या मुलींना फळ्यावर लिहून शिकवलं होतं आणि आता तो फळा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. दर अर्ध्या तासानं ती बाबांच्या काखेत थर्मामीटर लावत होती. साडेतीनला छत्तीस पॉइंट सहा. चारला छत्तीस पॉइंट सात. त्या एका दशांशासाठी तिनं लगेच पुन्हा लावून बघितलं. बाबा म्हणाले, अगं, मी डबा आहे का फुगायला? ती हसली नाही. बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि पुढच्या वेळी थर्मामीटरसाठी हात आपणच उचलला. बाल्कनीतलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं की काय, तिला कळलं नाही.

सहाला बाबांनी पोटावर हात ठेवला. आई दारात होती, ती तिथल्या तिथे थांबली. लेकीनं हॉस्पिटलची पिशवी उचलली, रिक्षावाल्याला फोन लावला. बाबांना मोठी ढेकर आली.

“इतकं खायची सवय राहिली नाही,” ते म्हणाले, “पिशवी ठेव.”

तिनं पिशवी ठेवली, पण दाराशीच. आई गॅसपाशी उभी राहून पिण्याचं पाणी दुसऱ्यांदा उकळत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. आईला वाटत होतं आपण वाढलं, तिला वाटत होतं आपण ठेवलं, आणि मधल्या भिंतीपलीकडे तो माणूस चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवून घोरत होता. ते घोरणं थांबलं की दोघी श्वास रोखायच्या.

सोळा तास उलटले. काही झालं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी रक्त घेतलं, पोट दाबून बघितलं आणि तिला बाजूला बोलावून तेच विचारलं, की उकळलं होतं का. माहीत नाही, असं तिनं सांगितलं. मग ते म्हणाले, घरची प्रयोगशाळा आजपासून बंद. ती मान खाली घालून हो म्हणाली. काट्यावर एक्कावन्न किलो दोनशे आले. नळी एक आठवडा पुढे ढकलली गेली. रक्ताचे आकडेही जागच्या जागी होते.

तो चौथा तुकडा मात्र तिनं फेकला नव्हता. सोमवारी दुपारी बर्फात घालून कारखान्यात नेला आणि त्याचा नमुना जंतू वाढवायच्या बशीत लावला. बुधवारी सकाळी बशी बाहेर काढली तर जंतूंच्या वसाहतींचे काळे ठिपके, एकमेकांना चिकटलेले, मोजता न येण्याइतके. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वाकून बघितलं आणि विचारलं, हा कुठला घाणा गं, अडवला ना? घरचा आहे, ती म्हणाली. बाईंना ते थट्टेचं वाटलं.

पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा पोर्क केलं. पटकन निववलं, फ्रिजमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी उकळून पुन्हा निववलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मुरायला तीन दिवस लागले, पण मुरलं. बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि त्यांची तर्जनी वर झाली, पूर्ण नाही, अर्धी. आता काटा चोपन्नला आहे. गिझरवरची फळी तिनं स्वतःच्या हातांनी काढून टाकली. भिंतीत स्क्रूची भोकं राहिली आहेत.

आई आता सगळंच उकळते. दूध तीनदा, भाजी लगदा होईपर्यंत, विकतचं दहीसुद्धा तिनं एकदा गॅसवर ठेवलं. तिला कुणी काही म्हणत नाही. भांडी घासताना तिच्या हातात ती छोटी कढई आली की ती जरा थांबते, आणि लेक दारातून बघते. विचारावंसं वाटतं, पण तेवढ्यानं आईचा चेहरा कसा होईल हे तिला ठाऊक आहे. बशीतले ते ठिपके डब्यात राहिलेल्या तुकड्याचे होते, बाबांच्या पोटात गेलेल्या तीन तुकड्यांचं त्यातून काहीच कळत नाही. बाबा वाचले ते आईच्या हातानं, की नुसत्या नशिबानं? त्या दुपारी आईनं कढई काढली, पण गॅस पेटवला होता का?