अर्धं हॉल तिकीट

चंद्राबाईनं नवऱ्याची दारू सोडवली ती सूड घ्यायला. निपाणीतल्या त्या गल्लीत तिला साक्षात सावित्री म्हणणाऱ्या बायकांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ती स्वतः कधी बोलली नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानं कापायची, बिड्या वळायच्या आणि पोटातलं पोटात ठेवायचं.

नवरा नागोजी तंबाखूच्या वखारीत हमाल. पाकिटातली दारू ढोसायचा, घरी येऊन बायकोवर हात टाकायचा आणि सकाळी भोळ्या तोंडानं विचारायचा, "काल काय झालतं गं?" एकदा तिनं जळणातलं लाकूड उचलून त्याला चांगला बडवला. जीव थंड झाला तिचा. पण सकाळी हा बाबा पाठ चोळत म्हणतो कसा, "कुटं पडलो काय गं मी?" आता काय करायचं असल्या माणसाचं! खाल्लेला मारही ज्याला आठवत नाही, त्याच्यावर सूड तरी कसा उगवायचा?

आणि सूड उगवण्यासारखं एक होतंच. पाच वर्षांपूर्वी त्यांची राणी दहावीला होती. गणिताचा पेपर. पोरी रांगेत उभ्या, आणि नागोजी झिंगत शाळेच्या दारात हजर. "बिड्या कोन वळनार? तुझा बा?" असं ओरडत, स्वतः बाप असून, पोरीला वेणीला धरून रस्त्यापर्यंत फरफटत नेली. झटापटीत हॉल तिकीट फाटलं. राणी पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. आईशेजारी सूप घेऊन बसली ती बसलीच. तिकिटाचा फोटोकडचा अर्धा तुकडा मात्र चंद्राबाईनं ट्रंकेत जपून ठेवला.

गेल्या वर्षी स्टँडवर तिला एक कागद चिकटवलेला दिसला. 'दारू सुटत नाही? या, बसा, बोला.' दर रविवारी सकाळी, एका शाळेच्या वर्गात. तिथंच उभ्या उभ्या तिनं ठरवलं, आधी ह्याला शुद्धीवर आणायचा. मग मारायचा.

"मला काय धाड भरलीया?" नागोजी म्हणाला.

"चला गुमान. न्हायतर वखारीत येऊन बोंब मारीन."

पहिले काही रविवार ती वर्गाबाहेर बाकावर राखण करत बसली. आत कुणी मराठीत रडायचं, कुणी कानडीत. नागोजी नुसता ऐकायचा. दोनदा घसरला, पुन्हा गेला, आणि एका रविवारी उभा राहून म्हणाला, "मी नागोजी. मी दारुडा हाय." सगळे म्हणाले, "नमस्कार नागोजी!" मग बायकोला कसं मारलं, घरातली भांडी दारूपायी कशी फुंकली, सगळं त्यानं सांगितलं. खरं बोलला म्हणून टाळ्या पडल्या. खिडकीबाहेर चंद्राबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मार खाल्ला तिनं, आणि टाळ्या ह्याला!

त्या मंडळींत एक रीत होती. ज्यांचं ज्यांचं वाईट केलं, त्यांची यादी लिहायची आणि ज्याची त्याची माफी मागायची. नागोजीनं चुलीपुढं बसून वहीतली यादी वाचली. लांबलचक होती.

"आनि राणीचं?" चंद्राबाईनं विचारलं.

"पोरीला मी कदी बोटसुदा लावलं न्हाय. तिचंच ध्यान न्हवतं शाळंत."

शेजारी पानं कापणाऱ्या राणीची कात्री थांबली. चंद्राबाईनं ओठावर आलेलं गिळलं. आत्ता नाही, ती मनाशी म्हणाली, वर्ष भरू दे.

वर्ष भरलं. दारू सोडून वर्ष झालं की तिथं त्याला वाढदिवस म्हणत, आणि बायकोनं नवऱ्याच्या हातात मेडल देऊन दोन शब्द बोलायचे. नागोजी धुतलेला पांढरा सदरा घालून आला. राणीही आली. त्या मंडळींचं सगळं बघणारे मारुतीराव गुरुजी हौसेनं म्हणाले, "या चंद्राबाई, खरं मेडल तर तुमचंच."

तिनं मेडल मुठीत धरलं आणि नवऱ्याच्या हातात ठेवला तो कागदाचा तुकडा.

"हे बगा," ती म्हणाली. "पोरीला बोट लावलं न्हाय म्हनता न्हवं? वेनीला धरून फरफटत आनलीसा पेपरातनं. समद्या पोरी बगत हुत्या. तुमाला काय, झोपून उटलासा, इसरलासा. ती तशीच बसलीया, पाच वर्सं."

एकही टाळी पडली नाही. नागोजी फोटोकडं बघत राहिला. मग राणीकडं वळून म्हणाला, "व्हय गं?"

"व्हय आप्पा. गनिताचा पेपर हुता."

तो मटकन खाली बसला. चंद्राबाईला बरं वाटलं, अगदी पोटभर जेवल्यासारखं. खोटं कशाला सांगा.

परत येताना स्टँडजवळ दारूचं दुकान लागलं. राणी पुढं गेली होती. नागोजीचे पाय थांबले. तोंड राखेच्या रंगाचं झालेलं. "मला काय बी आठवंना गं," तो पुटपुटला आणि दुकानाकडं वळला.

तेव्हा चंद्राबाईला कळलं, हा आता तावडीतून सुटणार. एक पाकीट पोटात गेलं की पेपरही नाही, पोरगीही नाही. तिनं त्याचं मनगट धरलं, बिड्या वळून चिवट झालेल्या बोटांनी, असं की तो कळवळला.

"प्यायचं न्हाय," ती म्हणाली. "इसरू द्यायची न्हाय तुमाला मी."

"मग काय करू? आठवतच न्हाय तर?"

"मला आठवतंय की. उद्या सकाळी च्या झाला की बसा माज्यासमोर. पयल्यापासनं सांगते. परवा बी सांगीन. रोज ऐकायचं, आनि शुद्धीत ऐकायचं."

मेडल तिच्याच मुठीत होतं. दुसऱ्या हातानं ती त्याला ओढत घराकडं घेऊन गेली.