पुतळाबाईच्या काळ्या बादल्या

आमची शेजारीण पुतळाबाई तापट आहे हे आळीत कुणाला सांगावं लागत नाही. पण या पावसाळ्यातला तिचा राग मला शंभर टक्के पटला. मी तिच्या जागी असते तर हरेशला पहिल्याच दिवशी फोडून काढलं असतं.

हरेश तिचा एकुलता एक मुलगा. त्याने गाडी घेतली आणि ती उभी करायला घरामागचं बावखल बुजवलं. बावखल म्हणजे आमच्याकडचं परसातलं तळं, आज्या-पणज्यांनी खोदलेलं. पावसात वाडीतलं पाणी तिथेच जायचं आणि त्यातले मासे डासांच्या अळ्या मटकावायचे. "डबक्यात डासच होतात ना, आई!" म्हणत या दीडशहाण्याने वर सिमेंट ओतलं. पाण्याला जायला जागाच उरली नाही. कुंपणालगतचं गटार तुंबलं आणि त्याच्याच मुलीला, खुशीला, डेंग्यू झाला.

पोर वाचली. पण सून रीमा तिला घेऊन नायगावला माहेरच्या फ्लॅटवर गेली. "डास कमी झाल्याशिवाय मी तिला इथे ठेवणार नाही, आई," असं स्पष्ट सांगून गेली. ती तरी काय चुकीचं बोलली?

नातीशिवाय पुतळाबाईला घर खायला उठलं. तिने रंगाच्या दोन काळ्या बादल्या अर्ध्या पाण्याने भरल्या, मूठभर पेंढा कुजत टाकला आणि केळीखाली सावलीत ठेवल्या. मी म्हटलं, "मावशी, डास पाळतेस की काय?"

"पाळतेच! कुजक्या पान्याच्या वासानं मादी इथंच अंडी घालनार. अळीचा डास व्हायच्या आधी पानी तापल्या लादीवर ओतायचं. सुकून मरतात मेले." मग हरेशकडे वळून ओरडली, "ऐकलंस ना? लादीवर. गटारात नाय!"

"हो गं, हो," हरेश म्हणाला. मान मोबाइलमध्ये.

बाई बादल्यांवर थांबली नाही. गटारातलं पाणीही रोज डबड्याने उपसून माडांच्या बुडाशी घालायची. वाकून वाकून कंबर धरायची आणि मुलाच्या नावाने शिव्या घालायची. गणपती गेले तोवर तिन्हीसांजेला अंगणात बसता येऊ लागलं. रीमाने फोन केला, "रविवारी येते खुशीला घेऊन. बघते, आणि मग ठरवते." पुतळाबाई त्या दिवशी कुणावर ओरडली नाही.

त्याच आठवड्यात ती वसईच्या बाजारात केळी विकायला गेली. परत आली तर दोन्ही बादल्या धुऊन उपड्या घातलेल्या.

"रीमा येतेय म्हणून सगळं क्लीन केलं," हरेश म्हणाला. वर कौतुकाची अपेक्षा!

"पानी कुठं ओतलंस?"

"गटारात. अजून कुठे ओतणार?"

पुतळाबाईने हातातली पाटी त्याच्या पायाशी आपटली. डबडं घेऊन गटाराकडे धावली, पण अळ्यांसकट पाणी केव्हाच भराव खचून झालेल्या सिमेंटखालच्या पोकळीत शिरलेलं. तिथे हात पोचत नव्हता. आठवडाभर जपलेली पिलावळ या दिवट्याने सुखरूप घरी पोचवली होती.

रविवारी खुशी रिक्षातून उतरली ती थेट आजीच्या कमरेला बिलगली. चिंबोऱ्यांचा रस्सा ओरपून झाला, पोरगी अंगणात खेळायला गेली आणि थोड्याच वेळात पाय खाजवत आत आली. पोटऱ्यांवर लालभडक गांध्या. रीमाने पिशवी उचलली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रिक्षा वळेपर्यंत खुशी "आजी, आजी" करत रडत होती. माझ्याच्याने बघवेना.

पुतळाबाई रडली नाही. माडाखालची पहार उचलून ती तडक घरामागे गेली.

"गाडी काढ."

"आई, वेडी झालीस का? किती खर्च केलाय मी!"

"काढतोस का गाडीवरच घालू?"

हरेशने गाडी काढली. मी कुंपणावरून बघत होते, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. बाईने घातलेल्या चौथ्या की पाचव्या घावाला सिमेंटचा टवका उडाला. तिने पहार आत घालून जोर लावला, मोठा तुकडा वर आला आणि खाली काळं पाणी दिसलं. त्यात अळ्या वळवळत होत्या.

तिने पहार हरेशच्या हातात कोंबली.

"आता तू खोद. सगळं खोद. आनि मग मासे घेऊन ये, जित्ते. त्याशिवाय माझी खुशी यायची नाय."