एकशे अठरावर गेलेला काटा

बद्रीनाथला सकाळी कुणी विचारलं, "काय, कसं काय?" की तो छाती फुगवून सांगायचा, "ब्याऐंशी!" नवख्या माणसाला वाटायचं, गडी सटकला. पडेगावात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, हा आकडा त्याच्या गाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाच्या तापमानाचा. लोक बायकोचा वाढदिवस विसरतात. या बहाद्दराला मागच्या मंगळवारी पैठण रस्त्यावर तेल किती तापलं होतं ते पाठ.

हसू नका, वेडाला कारण होतं. वाळूजच्या एका कारखान्यात त्यानं सव्वीस वर्षं पत्रे दाबणाऱ्या प्रेसच्या मशिनी सांभाळल्या. कामावर गेला की आधी तेलाच्या टाकीवरचा काटा बघायचा, मग चहा. "मशीन बोलत नाय," तो म्हणायचा, "तेल बोलतं." मग लासूर स्टेशनच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीनं त्याची मोटारसायकल उडवली आणि डावा पाय घोट्यापासून कामातून गेला. क्लच दाबणं संपलं. जिकडं जायचं तिकडं दुसऱ्यानं न्यायचं, बाजूला बसवायचं, उतरवून घ्यायचं. गव्हाच्या पोत्याला तरी लोक जपून ठेवतात. याला 'सरक जरा' म्हणायचे.

आठ वर्षं पोतं होऊन काढल्यावर त्याला एक जुनी ऑटोमॅटिक गाडी मिळाली. वीस वर्षांची, रंग उडालेली, पण क्लच नाही! उजव्या पायावर सगळं काम. पहिल्या दिवशी बावन्न वर्षांचा हा बाप्या सिडकोला तीन चकरा मारून आला आणि घरी येऊन ढसाढसा रडला. पण पहिल्याच उन्हाळ्यात गिअरबॉक्सचं तेल जळलं. लालभडक असतं ते, बाहेर निघालं ते डांबरासारखं काळं. मिस्त्रीनं कशीबशी दुरुस्ती केली आणि बजावलं, "काका, पुन्हा जळलं तर थेट भंगार. हिचे पार्ट आता मिळत नाय." मग बद्रीनाथनं पुढच्या जाळीमागं तेल थंड करायचा छोटा कूलर बसवला आणि स्टिअरिंगशेजारी एक गोल काटा. शंभरच्या आत सुख, एकशे दहाला सावध, एकशे वीसला खेळ खलास.

अशात भाचीचं, कावेरीचं लग्न ठरलं. नवरदेव वेरूळचा, लग्नही तिथंच. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं आणि तिच्या मागं उभं राहायचं, ही आपल्याकडची रीत. पण बैठकीत ठरलं, की पोरीला चुलतमामा कारभारी आणील. बद्रीला चालायला वेळ लागतो, मुहूर्त टळायचा. बद्रीनाथच्या आईनं, दगडाबाईनंही मान डोलावली. बद्रीनाथ एवढंच म्हणाला, "मांडवात कारभारीला नेऊ द्या. पण वेरूळपर्यंत तिला मीच नेणार. माझ्या गाडीत."

"त्या खटाऱ्यात? घाट हाय मधी!" दाजी, म्हणजे नवरीचा बाप पुंजाराम, उडालाच. पण कावेरी हट्टाला पेटली आणि दाजींचं काही चाललं नाही.

लग्नाच्या सकाळी गाडी काय सजली म्हणता! एकदा कबूल केल्यावर पुंजाराम मागं हटणारा नव्हता. त्यानं पुढच्या जाळीवर झेंडूची जाडजूड चादर बांधली, तिच्यावर शुभविवाहाचा फलक. बद्रीनाथ हरखून गेला. स्वतःच म्हणाला, "दाजी, खाली मोकळं दिसतंय, तिथं बी लावा!" आनंदाच्या भरात शहाणा माणूस कसा माती खातो, ते बघा.

दहाला निघाले. पुढं कावेरी, मागं दगडाबाई, नवरीची आई आशाबाई आणि पुंजाराम. मुहूर्त बारा पस्तीसचा. काटा वाचायचं काम कावेरीनं मागून घेतलं. "मामा, शहाऐंशी!" ती नव्या साडीत लहान पोरीसारखी ओरडायची. दौलताबादपर्यंत मजेत गेलं. तिथं वेशीपाशी रविवारची ही गर्दी! बसगाड्या, रिक्षा, सगळं अडकलेलं. मग घाट लागला. एप्रिलचं ऊन, मुंगीच्या पावलानं चढण.

"मामा, अठ्ठ्याण्णव."

"असू दे."

"एकशे सहा. मामा, एकशे बारा!"

बद्रीनाथनं एक नजर काट्यावर टाकली. तेल नवं, कूलर नवा, मग हे काय? आपणच बसवताना घाण केली? सगळ्या गणगोतासमोर, नवरी गाडीत असताना, आजच गाडीनं जीव सोडायचा?

"एकशे अठरा!"

त्यानं वळणावर गाडी कडेला घेतली, गिअर न्यूट्रलला टाकला.

"बंद कर, बंद कर गाडी!" मागून पुंजाराम ओरडला.

"नाय! इंजिन चालू असलं तरच तेल फिरतं. बंद केलं तर हाय तिथं शिजंल!" आणि तेवढ्यात त्याचं लक्ष इंजिनाच्या काट्याकडं गेलं. तोही चढत होता. म्हणजे दोघांनाही एकच रोग! "वारा! अरं, वाराच नाय लागत!" तो काठी घेऊन पुढं धावला, म्हणजे त्याच्या परीनं धावलाच. जाळीवर ती झेंडूची चादर गच्च बसलेली. त्यानं तिला हात घातला.

"बद्री, खबरदार!" दगडाबाई किंचाळली. "नवरीच्या गाडीचा हार तोडतात का? अपशकुन हुईल!"

त्याचा हात थबकला. भाचीचं लग्न, आईचा शब्द. आतून कावेरीचा आवाज आला, "एकशे एकोणीस!"

"माय, पोरगी घाटात राहिली तर त्याहून मोठा अपशकुन कोणता?" असं म्हणून त्यानं चादर टराटरा फाडली. फलक गेला, खालच्या माळा गेल्या. रस्ताभर झेंडू! मग आत बसून त्यानं ॲक्सिलरेटर हलकेच दाबून धरला.

"एकशे सतरा," कावेरी म्हणाली. "एकशे तेरा. एकशे आठ!" आता आशाबाईही पुढं वाकून ओरडायला लागली. मागच्या रिक्षावाल्यानं डोकं आत घालून विचारलं, "क्या हुआ, मॅच चालू है क्या?" "नव्व्याण्णव!" असं सगळी गाडी ओरडली आणि पुंजारामानं आनंदाच्या भरात त्या अनोळखी रिक्षावाल्याला मिठी मारली. मागं बसलेली दगडाबाई मात्र काट्याकडं बघत नव्हती, लेकाकडं बघत होती.

खुलताबाद मागं पडलं, उतार लागला, आणि बारा वाजून वीस मिनिटांनी बोडकी गाडी वेरूळच्या मांडवापुढं उभी राहिली. नवरदेव बोहल्यावर चढला. अंतरपाट धरला गेला. भटजींनी हाक दिली, "मामा, मुलीला आणा!"

ठरल्याप्रमाणं कारभारी पुढं झाला. दगडाबाईनं त्याचा सदरा मागून धरला.

"तू बस खाली," ती म्हणाली. "बद्री, ऊठ. पोर तुझी वाट बघती."

"माय, वेळ लागंल मला."

"लागू दे की. थांबतील समदे."

मांडवाच्या दारापासून बोहल्यापर्यंत तीसेक पावलं. बद्रीनाथ ती चालला, एकेक करून, आणि कावेरी त्याच्या चालीनं चालली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडले, पण कुणी घाई कर म्हणालं नाही. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात काठी होती, दुसऱ्यात भाचीचा हात.