पाल चुकचुकली तेव्हा

आज दिल्लीत, मयूर विहारच्या घरात ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली आणि आम्ही दोघा भावांनी उभी केलेली फरीदाबादची पत्र्याची शेड आठवली, तापल्या तेलाच्या वासासकट. त्या शेडमध्येच एकदा धाकटा म्हणाला होता, "दादा, मी पुण्याला परत जातो."

मी भडकलो, "जा! तुझ्यावाचून काही अडत नाही."

तेवढ्यात पत्र्याखालची शेपूटतुटकी पाल चुकचुकली. तो हसला. "बघ, पालही म्हणतेय, खरंय. चलो, निघतो."

भाव न पटून उठून चाललेल्या गिऱ्हाइकाला मी कधी अडवत नाही. ते दारातून परत वळतंच. हाही वळेल म्हणून मी त्या पालीकडेच बघत बसलो. तो वळला नाही. त्याच्यावरचा माझा राग अजून आहे, पण तो बाळगून आता थकलोय. आज पाल चुकचुकली आणि मी आधी दाराकडे पाहिलं.