गुरुजींच्या हातचं पत्र

लोकं सोनं जमवतेत, जमीन जमवतेत. आमचे हे, उद्धवराव, पुढाऱ्यांच्या हातची पत्रं जमवतेत. मंत्री असो, आमदार असो, चळवळीतला कुणी म्हातारा असो, पत्र त्यानं स्वतः लिहिलेलं पाहिजे, बस. मी म्हणते, जित्या माणसाला दोन ओळी लिहायचा ह्यांना कंटाळा, आन मेलेल्यांचं टपाल वाचत बसायलेत. शाळा चौथीतच सुटली, पण कसलंबी अक्षर असू द्या, घडाघडा वाचतेत.

एकच पत्र घावत नव्हतं, गुंडप्पा गुरुजींचं. गुरुजी आमचे जुने आमदार. बाकीची पत्रं त्यांचा कारकून लिहायचा, गुरुजी नुसती सही करायचे. स्वतःच्या हातानं लिहायचे ते फक्त दुखवट्याचं. आन दुखवट्याचं पत्र घरात कोण ठेवतंय? वाचलं की फाडायचं, अशी आमच्यात रीत. ह्यांचे वडील, ज्ञानोबा, वारले तवाबी गुरुजींचं पत्र आलं होतं. सासूबाईंनी त्यांच्या दिराकडून वाचून घेतलं आन फाडून चुलीत घातलं. हे तवा लहान. त्यात काय होतं, ते ह्यांना कुणी सांगितलंच न्हाई. तेच खातंय ह्यांना. पाटलांची घरं झाली, देशमुखांची झाली, सगळीकडं एकच जबाब, फाडलं.

औंदा कळलं, खटकचिंचोळीच्या बौद्धवाड्यात इंदिराबाईंकडं एक हाय. मीबी संगं गेले.

"फाडलं कसं न्हाई, अक्का?" ह्यांनी विचारलं.

"कामून फाडू? धर्म बदलला तवा जुन्या रीती सोडल्या, त्यात हीबी गेली," म्हातारी म्हणली. "पर देणार न्हाई. मालकाचं नाव हाय त्यात. वाचून मातर दावा. मला आता दिसत न्हाई, आन आमचा नातू बुद्धरत्न कानडी शाळेत शिकला, त्याला हे लपेटीचं मराठी अक्षर लागत न्हाई."

पेटीतून पत्र निघालं. हे वाचायला लागले. "बळीराम गेले, माझ्या घरचं माणूस गेलं. रडून घ्या. पण लेकराची शाळा सोडवू नका. फी-पुस्तकाचं मी बघतो."

तिथं हे अडकले. मला कळलं. बाप गेल्यावर ह्यांचं दप्तर खुंटीला लागलं आन हे भालकीला मामाच्या दुकानात गोणी उचलायला गेले. मी इंदिराबाईंना तेवढं सांगितलं.

म्हातारी म्हणली, "उद्धवराव, आता आमच्या मालकाच्या जागी तुमच्या बापाचं नाव घालून वाचा."

ह्यांनी चष्मा पुसला. "ज्ञानोबा गेले, माझ्या घरचं माणूस गेलं," असं म्हणत म्हणत लेकराच्या शाळेच्या ओळीपाशी आले, आन सत्तरीचा माणूस लहान पोरासारखा रडला. इंदिराबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पत्र तिथंच ठेवून आलो.