सोन्यानं विझवलेला उजेड

मी जे बनवतो ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळं बजाजनगरात आमच्या गल्लीचा समज असा, की मी काहीच बनवत नाही. माझे वडील, अण्णा, वाळूजच्या कारखान्यात लेथवर उभे राहून निवृत्त झाले. त्यांनी बनवलेलं टेबलावर ठेवलं की आवाज यायचा. मी त्यांना एकदा मायक्रोस्कोपखालचा फोटो दाखवला. बाजरी सांडली का, असं त्यांनी विचारलं.

मग त्यांचं दुखणं सगळ्या पोटात पसरलं आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. अण्णांनी एकच मागितलं. मी काय करतो ते त्यांना एकदा डोळ्यानं बघायचं होतं.

सोपं होतं. आमचे सेमीकंडक्टरचे कण जांभळ्या टॉर्चखाली लालभडक चमकतात. तशी बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात तयार होती. पण तीच उचलून आणली तर मी कसला! नुसते कण कुणीही करतं. माझं काम त्यांच्याशेजारी सोन्याचे कण बसवायचं. अंतर नेमकं राखलं तर सोन्यामुळं उजेड वाढतो, सोनं चिकटलं तर विझतो. म्हणून मधे काचेसारखं पातळ कवच चढवायचं, आणि त्याला दिवस लागतात. हे मी नव्या पोरांना बोट नाचवून शिकवायचो. पण अण्णांकडं दिवस नव्हते आणि मला तर सोनंच मिरवायचं होतं. कवचाशिवायच मिसळलं. सकाळी तपासलं, झकास चमकत होतं. बाटली सीलबंद करून सॅकमध्ये टाकली आणि संध्याकाळी घरी आलो.

आईनं खिडकीवर चादर लावली. नोटा तपासायची टॉर्च मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून मागून आणली होती. तोही बघायला दारात थांबला. मी छोटंसं भाषण केलं. अण्णांच्या पाठीशी उशी दिली आणि टॉर्च लावली.

माझा बनियन चमकला. उशीचा अभ्रा चमकला. बाटली सोडून खोलीतलं सगळं चमकलं. दिवसभरात सोनं कणांना जाऊन चिकटलं होतं. मी टॉर्च इकडून तिकडून फिरवत राहिलो.

"राहू दे, हात दुखंल," अण्णा म्हणाले. "दिसलं मला."

"काय दिसलं?"

"हिरवं हाय. लई बारीक, पण हाय."

आईनं लगेच व्हय म्हटलं. किराणावाल्यानंही मान हलवली आणि माझ्याकडं न बघता टॉर्च घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आधीच मी प्रयोगशाळेच्या दारात उभा होतो. कपाटातली लाल बाटली हातात घेतली, तेवढ्यात आईचा फोन आला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, पोराचं काम बघून गेले, हिरवा उजेड होता. मी खाली बघून मान डोलवायचो. हिरवे कण लालपेक्षा लहान असतात. वाढता वाढता ऐन वेळी थांबवावे लागतात. ते मला कधीच साधले नव्हते. मी आपला त्यांच्याच मागं लागलो. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी कारण विचारलं, तर काहीतरी शास्त्रीय ठोकून दिलं.

वर्षश्राद्धाच्या आधी एकदाचे जमले. या वेळी कवच चढवलं, सोनं अंतरावर ठेवलं. बाटली घरी आणली आणि आईपुढं टॉर्च लावली. खिडकी उघडी होती, तरी हिरवं लख्ख दिसत होतं.

आईनं बाटली हातात घेऊन फिरवून बघितली.

"त्या दिवशी जरा कमी होतं," ती म्हणाली.